मोठ्या बहिणीचे ब्रेक

दसऱ्याच्या सकाळी आमची गाडी पुलाच्या उतारावरून खाली आली आणि फाफडा-जलेबीच्या मांडवात जाऊन थांबली.

असं काही झालेलं नाही.

म्हणजे ते झालं नाही असं त्याच दिवशी, त्याच मांडवात, दोन जबाबदार पुरुषांमध्ये ठरलेलं आहे आणि त्यातला एक जबाबदार पुरुष मी आहे. तेव्हा वरचं वाक्य आपण वाचलेलंच नाही असं समजावं. मी इथून सुरुवात करतो.

माझं नाव चेतन. सुरतेला पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये मी साड्यांचे रंग जुळवतो. व्यापाऱ्याने नमुना पाठवलेला राणी रंग आणि आमच्या मशीनमधून निघालेला राणी रंग एकच आहे, असं मी छातीठोक सांगायचं आणि त्याने नाही म्हणायचं, असं या कामाचं स्वरूप आहे. यंत्रांतलं मला काही कळत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी बराच वेळ यंत्रांविषयी अधिकारवाणीने बोलणार आहे.

गाडी पप्पांची. कंपनीचं नाव घेत नाही. कंपनीनेही आमचं कधी घेतलेलं नाही. लहानशी गाडी, एके काळी पांढरी. तिला सुरू व्हायला आवडायचं, पळायला आवडायचं, थांबायचं मात्र जिवावर यायचं. ब्रेक दाबला की मुलीकडच्यांसारखी ती "घरी विचारून कळवते" म्हणायची आणि पुढे जायची.

यात आमचं काही अडत नव्हतं. सुरतेत एकट्या ब्रेकच्या भरवशावर कोणी घराबाहेर पडत नाही. अडलं ते मृणालच्या वडिलांमुळे.

मृणाल मराठी शाळेत शिकवते. आम्ही एकमेकांना पसंत केलं होतं, दोन्हीकडच्या आयांनी एकमेकींना पसंत केलं होतं, आता फक्त तिचे वडील रघुनाथ आप्पा उरले होते. आप्पा एसटीचे ड्रायव्हर. नवापूर डेपोतून निवृत्त झाले, सगळी नोकरी विनाअपघात. त्याबद्दल मिळालेला बिल्ला ते अजून शर्टाला लावतात, लग्नाकार्यातसुद्धा. त्यामुळे अनोळखी वऱ्हाडी त्यांनाच जेवण कधी सुरू होणार ते विचारतात. मला बघायला आले तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "चल, एक चक्कर मारू."

लिंबायतच्या अलीकडे सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला. आम्ही सिग्नलपाशी पोचलो, मग सिग्नलच्या पुढे पोचलो, मग चौकातल्या पोलिसापाशी. पोलिसाने शिट्टी तोंडात धरली, पण ती वाजवण्याऐवजी तो बाजूला झाला. तो अनुभवी माणूस असावा. आम्ही थांबलो तेव्हा सिग्नल हिरवा झाला होता, त्यामुळे कायद्याने पाहता काहीच बिघडलं नव्हतं. मी तसं म्हणूनही पाहिलं. आप्पा मान वळवून मागे राहिलेला सिग्नल बघत होते.

घरी आल्यावर ते पप्पांना म्हणाले, "मुलगा चांगला आहे. गाडी थांबत नाही. दसऱ्याला परत येतो. थांबली तर साखरपुड्याची तारीख काढू."

"आणि नाही थांबली तर?" पप्पांनी विचारलं.

"तर पुढे जाईल," आप्पा म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

मृणालने फोनवर धीर दिला. "घाबरू नकोस. आप्पांनी ताईच्या नवऱ्याला रिव्हर्सवर पास केलं होतं. त्याच्याआधी एक इंजिनिअर आला होता, तो चढावर हाफ क्लचला नापास झाला."

"त्याचं पुढे काय झालं?"

"कॅनडात असतो. तिकडे क्लच नसतो म्हणे."

माझ्याजवळ पासपोर्ट नव्हता. मी गॅरेजमध्ये गेलो.

गजेंद्रचं गॅरेज उधन्याच्या उद्योगनगरामागे आहे. गजेंद्र आमच्याच धुळ्याकडचा. त्याला नाही म्हणता येत नाही आणि नक्की म्हटल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, "ब्रेकचे पॅड बदलून दे." त्याने गाडीखाली वाकून पाहिलं आणि चेहरा दुःखी केला.

"चेतनभाई, पॅड बदलून काय करता? मुळात ब्रेकच लहान आहे. हिची मोठी बहीण आहे ना, त्याच कंपनीची, सात सीटवाली? तिचे ब्रेक टाका. मोठी डिस्क, मोठा कॅलिपर. सेम टू सेम बसतात."

"तू बसवलेत कधी?"

"नाही. पण बसतात."

वाचकांसाठी सांगतो: डिस्क म्हणजे चाकाच्या आत फिरणारी लोखंडी थाळी आणि कॅलिपर म्हणजे त्या थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारा पंजा. थाळी मोठी, पंजा मोठा, तर पकड मोठी. हे मला लगेच पटलं. आमच्या वर्गातल्या माणसाला दुरुस्ती आणि वाढ यांतलं एक निवडायला सांगितलं की तो वाढच निवडतो. आमच्या रो-हाउसच्या रांगेत ज्याच्या घराला गळती लागते तो वर एक मजला चढवतो. गळती तशीच असते, फक्त ती आता मधल्या मजल्यावर असते.

बातमी रांगेत पसरली. पहिले ठाकोरभाई आले. हे आमचे शेजारी, अस्सल सुरती. आमच्याशी ते मराठीच बोलतात, फक्त तिच्यात मराठी शब्द कमी असतात.

"अरे चेतनभाई, ब्रेक शुं काम? हॉर्न छे ने! ब्रेक मारला तर आपली गाडी थांबते, हॉर्न मारला तर समोरच्याची. विचार कर, कोणाची थांबलेली सारी, बरी?"

मी विचार केला. तो अजून चालू आहे.

मग समोरचे भाईदास आबा आले. त्यांचं सगळं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे ते कानात सांगायची गोष्टही गल्लीला ऐकू जाईल अशी सांगतात. "आरे चेतन, बैलगाडीले काय ब्रेक ऱ्हास का रे? मना बाप नुसता 'हो' म्हने, बैल उभा ऱ्हाये. तू बी म्हनी देख!"

मी चौकात एकदा 'हो' म्हणून पाहिलं. मागे बसलेले पप्पा म्हणाले, "मी काही विचारलंच नाही."

शेवटी भंगार बाजारातून एका अपघातग्रस्त मोठ्या बहिणीच्या डिस्क आणि कॅलिपर आले. जिचा अपघात झाला तिचेच ब्रेक आपण का घेतोय, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण गजेंद्र म्हणाला, "तिला मागून ठोकलं होतं. म्हणजे ती थांबली होती." याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणत्या ब्रेकला मिळणार!

डिस्क बसली. कॅलिपर बसला. चाक बसेना. मोठा ब्रेक लहान चाकाच्या पोटात मावत नव्हता. गजेंद्रने चाकाकडे पाहिलं, ब्रेककडे पाहिलं आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझी उंची आठवली.

"चाक लहान आहे," तो म्हणाला.

म्हणून पुढे मोठ्या बहिणीची चाकं घातली, चांगली काड्या-काड्यांची, अलॉयची. आता गाडीचं तोंड वर आणि ढुंगण खाली झालं. आई गच्चीवरून बघत होती. ती म्हणाली, "अगं बाई, ही ढेकर देते की काय!" म्हणून मागेही मोठी चाकं घातली. गाडी सरळ झाली, पण स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर आतल्या पत्र्याला घासून किंचाळायचं. गजेंद्र म्हणाला, "पूर्ण कशाला फिरवता? अर्धं फिरवा." अर्ध्या वळणावर माणूस ऑफिसला पोचू शकतो, परत येऊ शकत नाही. मिलमधून घराकडे वळायला मला पार पुढच्या सचिन गावापर्यंत जाऊन यावं लागायचं. तिथला चहावाला मला सचिनचाच समजू लागला आणि निवडणुकीत कोणाला मत देणार म्हणून विचारू लागला.

मग गाडी उंच करण्यासाठी बहिणीच्या स्प्रिंगा आल्या. टायर घासायचं थांबलं, पण पप्पांना आत चढता येईना. ते देवघरातला पाट घेऊन जाऊ लागले. पाटावर उभे राहायचे, आत बसायचे, मग मी पाट उचलून त्यांच्या मांडीवर द्यायचो. बँकेत हेडकॅशियर म्हणून निवृत्त झालेला माणूस भर रस्त्यात मांडीवर पाट घेऊन बसलेला बघून लोकांना वाटायचं की आम्ही कुठेतरी जेवायला निघालो आहोत आणि यजमानांवर आमचा विश्वास नाही.

एवढं होऊनही ब्रेकचा पेडल खोल जात होता. मोठ्या पंजाला तेलही जास्त लागतं आणि ते ढकलणारा आमचा पंप लहानपणीचाच होता. बहिणीचा पंप आला. आता गाडीत मूळची उरली होती फक्त नंबरप्लेट आणि पप्पा.

पण ब्रेक! काय सांगू! पहिल्यांदा मी पेडलवर बूट नुसता टेकवला. गाडी थांबली. गाडीतलं बाकी सगळं पुढे गेलं. छत्री पुढे आली, पप्पांचा चष्मा पुढे आला, पाट पुढे आला, भाईदास आबा उगाच हवा खायला बसले होते त्यांचं वाक्य पुढे निघून गेलं आणि ते मागे राहिले. मागून एका स्कूटरवाल्याने आम्हाला हलकासा धक्का दिला आणि संतापून खिडकीशी आला.

"ब्रेक केम मार्यो?"

"सिग्नल लाल आहे."

"तो? रोज तो नथी मारता!"

रोज तर मारत नाही, असं त्याचं म्हणणं; ब्रेक यशस्वी झाल्याची याहून स्वतंत्र साक्ष मला नको होती. मी मृणालला फोन केला. ती म्हणाली, "आता आप्पांना पुढे बसव आणि पट्टा लावायला सांग. बिल्ला टोचेल."

पप्पांचं मात्र मन खात होतं. "एवढे बदल केले, सरकारदरबारी नोंद नको? उद्या विम्यावाले विचारतील." बँकेत राहिलेल्या माणसाला नोंद नसलेली गोष्ट घडली आहे यावरच विश्वास बसत नाही. आम्ही पाटासह वाहन नोंदणीच्या खिडकीवर गेलो. खिडकीतले साहेब सभ्य होते.

"शुं बदल्युं?"

"ब्रेक. मोठे बसवले."

"गाडी जोरात पळावी म्हणून?"

"नाही, थांबावी म्हणून."

त्यांनी बराच वेळ संगणकात शोधलं. रंग बदलला तर त्यांच्याकडे जागा होती, सीएनजी बसवला तर होती, इंजिन बदललं तरी होती. "गाडी ऊभी रहेवानी कॉलमज नथी, भाई," ते शेवटी म्हणाले. थांबण्यासाठी रकानाच नव्हता आणि त्याचं त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. कंपनीकडून पत्र आणा म्हणाले. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं की आमची गाडी मुळातच थांबते. तुमची थांबत नसेल तर ती आमची नाही. पप्पांनी फोन ठेवला आणि घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. इतक्या वर्षांनी गाडी कोणाचीच नाही हे कळल्यावर माणूस करणार काय?

तर दसरा उजाडला.

आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, इस्त्री, शिवणयंत्र, पप्पांचं कॅल्क्युलेटर आणि शेवटी गाडी. आईने बोनेटला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. मी आरशासमोर तिसरा शर्ट बदलत होतो. वरून मला एवढंच दिसलं की आई ताट घेऊन चाकाशी बसली आहे आणि हात कोपरापर्यंत अलॉयच्या काड्यांमध्ये घातला आहे. मला वाटलं, लिंबू घरंगळलं असेल. मुलगी मिळणार की नाही या काळजीत असलेला माणूस लिंबाचा फार विचार करत नाही.

आप्पा आले. बिल्ला चकाकत होता. त्यांनी पाटावर पाय न ठेवता एका झेपेत गाडीत प्रवेश केला, पट्टा लावला आणि म्हणाले, "पुलावरून घे. उतारावर बघू."

रस्ते मोकळे होते. दसऱ्याच्या सकाळी सुरत एकतर फाफडा-जलेबीच्या रांगेत असते, नाहीतर रांगेत असलेल्याला फोन करत असते. पुलापर्यंत मला ब्रेक लावावाच लागला नाही. मी मुद्दाम लावलाही नाही. एवढी मोठी गोष्ट पहिल्याच वळणावर दाखवून टाकायची नसते.

पुलाच्या उतारावर लागलो. खाली सिग्नलला स्कूटरी उभ्या होत्या, सहकुटुंब. मी आप्पांकडे एकवार पाहिलं, "बघा हं" अशा अर्थाने, आणि ब्रेक दाबला.

पेडल दगडासारखा टणक. गाडी लोण्यासारखी पुढे.

मी आणखी दाबला. नाकात वास आला, आपल्या घरी मिरच्या तळतात तसा. मी म्हटलं, "काका, तुम्हाला वास येतोय का?" हा प्रश्न त्या वेळी महत्त्वाचा नव्हता हे मला मान्य आहे.

आप्पांनी डावा हात डॅशबोर्डवर ठेवला आणि एसटीच्या घोषणेच्या सुरात म्हणाले, "दुसरा टाक."

टाकला. इंजिन ओरडलं.

"पहिला."

टाकला. आप्पांनी उजव्या हाताने मधला हँडब्रेक सावकाश, दात्यादात्याने ओढला. "डावीकडे घे. मांडवाच्या मागच्या बाजूला. तिकडे माणूस नाही."

खरंच तिकडे फक्त रिकामे खोके आणि एक लांब टेबल होतं. चालत्या माणसाच्या वेगाने आम्ही खोक्यांत शिरलो, कनातीचं कापड काचेवरून सरकलं, बंपर टेबलाला टेकला. टेबल कललं आणि त्यावरची जलेबीची परात, पाकासह, घाई न करता, बोनेटवरच्या झेंडूच्या माळेत येऊन बसली.

मग पलीकडच्या रांगेतून एक बाई ओरडली, "ओ भाई, लाइनमां आवो ने!"

मांडववाल्याने कनात वर केली, परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आखी लई जवानी?" सगळी नेणार का, एवढंच. मी मान हलवली. तो कागदाच्या पिशव्या आणायला गेला. सुरतेतला धंदा असा असतो.

आप्पा उतरले. मी स्टिअरिंगला धरून बसून राहिलो. साखरपुडा, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त, शाळेतून परतताना मृणाल घेते ती उसळीची प्लेट, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून पहिल्या गिअरमध्ये निघून चाललं होतं. आप्पांनी चाकाच्या काड्यांमधून बोट घातलं, डिस्कवर फिरवलं, नाकाशी नेलं.

"गोडेतेल," ते म्हणाले. "शेंगदाण्याचं. आणि कुंकू."

मला आईचा कोपरापर्यंतचा हात आठवला. नवीन अवयव बसवले, इतके झळझळीत, ताटासारखे, काड्यांमधून नुसते हाका मारत होते, तर त्यांना कुंकू नको लावायला? कोरडं टिकत नाही, म्हणून तेलात कालवून.

"कोणी लावलं?"

"मी," मी म्हटलं.

"खोटं." आप्पांनी बोट रुमालाला पुसलं. "तू लावलं असतंस तर फक्त बाहेरून लावलं असतंस. हे आतल्या बाजूलाही आहे. एवढी निष्ठा आईचीच."

आईने गाडी थांबू दिली नाही, असं वाक्य कोणत्या तोंडाने बोलणार?

आप्पांनी आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "उषाबाई दर दसऱ्याला डेपोत यायची. मृणालची आई. एसटीच्या पेडलला तेल-कुंकू लावायची. भर पेडलला! पाय सटकला की खेळ खलास. मी गाडी डेपोबाहेर काढायचो, पहिल्या वळणावर थांबवायचो, पॅसेंजरला सांगायचो की हवा बघतो, आणि पुसून घ्यायचो. सगळी नोकरी. तिला अजून माहीत नाही."

"सांगितलं का नाही?"

"संसार करायचाय का तुला?" आप्पा म्हणाले. "त्यांनी लावायचं, आपण पुसायचं. वाद घालत बसलास तर तेल तसंच राहतं. चल, चिंधी आण. आणि हे इथे काही झालेलं नाही."

दोन जबाबदार पुरुष उकिडवे बसून डिस्क पुसू लागले. मांडववाल्याने थोडं पेट्रोल दिलं. कामचलाऊ पकड आली आणि आम्ही पायी चालणाऱ्यांना वाट देत देत घरी पोचलो. दारात आई उभी होती.

"एवढी जलेबी?"

"मी घेतली," आप्पा म्हणाले. "तोंड गोड करायला. तारीख काढू."

"आणि बंपर चेपला तो?"

"नारळ वाढवला त्याच्यावर."

आईने गाडीला हात जोडले. मग पप्पांकडे वळून म्हणाली, "बघा! तुम्ही महिनाभर नुसते खर्च करत होतात. मी पूजा केली आणि थांबली." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी जलेबी खाल्ली. ही माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती असं मला नंतर कळलं.

हे सगळं मी छापायला देतोय, तर आई वाचेल अशी भीती नाही. विनोदी कथा ती वाचत नाही. म्हणते, घरात आहे तेवढं पुरे.

साखरपुडा झाला. मात्र आप्पांनी एक अट घातली: पुसायचं कधी हे मला कळेपर्यंत ते शेजारी बसणार. त्यासाठी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांत असतो तसा दुसरा ब्रेक डाव्या बाजूला बसवून घेतला. गजेंद्र म्हणाला, सेम टू सेम बसतो. दुर्दैवाने, या वेळी खरंच बसला. आता मृणाल आणि मी डुमसच्या समुद्रावर फिरायला जातो तेव्हा पुढे आप्पा आणि मी असतो आणि मागे मृणाल आरशातून माझ्याशी बोलते. मी आरशात बघितलं की आप्पा ब्रेक लावतात. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला जाणार, हे मी त्यांच्या कानावर हळूच घातलं. ते म्हणाले, "घाट आहे. मी येतो."

मृणाल म्हणाली, "आप्पांना नाही म्हणायला हिंमत लागते. तू म्हण."

मी म्हटलं, "या ना, काका."

सबब पुढील अर्ज रीतसर पाठवला आहे.

प्रति, मा. विभाग नियंत्रक, एसटी महामंडळ, यांचे सेवेशी. विषय: सेवानिवृत्त चालकास तात्पुरते कामावर परत घेण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपले निष्कलंक सेवेचे माजी चालक श्री. रघुनाथ आप्पा यांना अर्जदाराच्या विवाहानंतरच्या पहिल्या आठवड्यापुरते पुन्हा सेवेत सामावून घ्यावे. वेतनाची अपेक्षा नाही. गणवेश तयार असून इस्त्री केलेला आहे. चालकाचे पद रिक्त नसल्यास वाहकाचे चालेल. तेही नसल्यास त्यांना चालकाच्या शेजारी बसवून प्रत्येक वळणावर त्यांचे मत घेण्यात यावे. मार्ग महाबळेश्वर वगळता कोणताही द्यावा. गाडी शक्यतो मुक्कामी असावी व मुक्काम लांबचा असावा, ही नम्र विनंती.